१६० एकरांचा हिशेब: नेब्रास्का आणि कॅन्ससच्या माळरानावरचे जगणे

२० मे १८६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर स्वाक्षरी केली. कुटुंबप्रमुखाने किंवा २१ वर्षांवरील व्यक्तीने १६० एकर सरकारी जमिनीवर दावा नोंदवायचा, पाच वर्षे तेथे राहून ती कसायची आणि किरकोळ शुल्क भरून मालकीपत्र मिळवायचे, अशी ही योजना होती. अविवाहित स्त्रिया आणि विधवाही तिला पात्र होत्या. ‘सरकारी’ या शब्दाआड मात्र बरेच काही झाकले जाते. पॉनी, ओमाहा, ओटो अशा मूळ रहिवाशांकडून करारांच्या आणि दडपणाच्या बळावर काढून घेतलेला हा मुलूख होता. पॉनींना तर १८७०च्या दशकात नेब्रास्का सोडून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले.

पावसाच्या पूर्व भागात १६० एकर एका कुटुंबाला पुरून उरत. पश्चिमेकडील माळरानावर मात्र घर बांधण्यापुरतीही झाडे नव्हती. तेव्हा नांगराने गवताच्या घट्ट मुळ्यांसकट मातीच्या लांब पट्ट्या काढून, त्यांच्या ढेपा विटांसारख्या एकमेकींवर रचून घरे उभी राहिली. या ढेपांना लोक थट्टेने ‘नेब्रास्काचा संगमरवर’ म्हणत. जाड भिंतींमुळे घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार राही. पण पाऊस थांबल्यावरही छत ठिबकत राही आणि त्यातून किडे, क्वचित सापही खाली पडत. सरपण नसल्याने चूल पेटे ती रानशेणींवर, म्हणजे रानरेड्यांच्या (बायसनच्या) आणि गुरांच्या माळावरच वाळलेल्या शेणावर. ती वेचून आणण्याचे काम बहुधा बायकामुलांकडे असे. पाण्यासाठी उंच भागात खोल विहिरी हातानेच खणाव्या लागत.

१८७४च्या उन्हाळ्यात टोळधाड आली. टोळांनी उभी पिके तर फस्त केलीच, शिवाय घामाने खारावलेले अवजारांचे दांडे आणि घोड्यांच्या सामानाचे चामडेही कुरतडले. त्या हिवाळ्यात लष्कराने गरजूंना कोट आणि बूट वाटले. (टोळांची ही जात पुढे तीसएक वर्षांत समूळ नाहीशी झाली.) १२ जानेवारी १८८८ची सकाळ हिवाळ्याच्या मानाने ऊबदार होती, लोक जाड कपड्यांविना बाहेर पडले असताना अचानक हिमवादळ आले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले बरीच होती.

तरीही खरा घात केला तो अवर्षणाने. जमीन नांगरली की पाऊस आपोआप वाढतो, असा समज वसाहतीच्या प्रचारकांनी पसरवला होता. भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८च्या अहवालात या कोरड्या मुलखातील चराऊ शेतीसाठी दर कुटुंबाला २,५६० एकर द्यावेत, असे सुचवले होते; अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, ते मानले नाही. १८९०च्या दशकातील दुष्काळात पश्चिम नेब्रास्का आणि कॅन्ससमधील असंख्य कुटुंबे दावे सोडून पूर्वेकडे परतली. पश्चिम नेब्रास्कात १६० एकरांची मर्यादा ६४० एकरांवर नेणारा किंकेड कायदा झाला, तो १९०४मध्ये.