‘स्टॅट’ला सिमलिंक दिसतच नाही

‘फाइलवर स्टॅट कॉल करा, मोडमधला प्रकार तपासा, सिमलिंक असेल तर कळेल’ हा सल्ला सी ही प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांत वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. सिमलिंक म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल; स्टॅट म्हणजे फाइलची माहिती देणारा कॉल, आणि त्या माहितीतल्या ‘मोड’मध्ये फाइलचा प्रकार असतो. स्टॅट लिंकमागे जाऊन मूळ फाइलची माहिती आणतो, त्यामुळे ती तपासणी कधीच खरी ठरत नाही. प्रोग्राम कंपाइल होतो, चालतो, आणि प्रत्येक वेळी बिनदिक्कत ‘नाही’ म्हणतो! लिंकचं लक्ष्य उडालेलं असेल तर स्टॅट ‘फाइल नाही’ म्हणून मोकळा होतो.

खुद्द लिंकची माहिती देतो तो एलस्टॅट. सिमलिंकबरोबरच तोही १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीत होता. मात्र पाथच्या, म्हणजे फाइलच्या पत्त्याच्या, शेवटी स्लॅश राहिला, तर तोही लिंकमागे जातो.

‘एलस्टॅटने तपासलं, आता बिनधास्त उघडा’ हेही अर्धसत्यच. तपासणं आणि उघडणं यांच्या मधल्या क्षणात कुणीही फाइल काढून तिथे लिंक ठेवू शकतं. सुरक्षिततेसाठीच तपासत असाल, तर फाइल उघडणाऱ्या ओपन कॉललाच ‘लिंकमागे जाऊ नको’ सांगणारा ‘ओ-नोफॉलो’ फ्लॅग द्या. लिनक्सवर लिंक असल्यास ‘ईलूप’ एरर येते. पण हा फ्लॅग पाथचा फक्त शेवटचा घटक बघतो. मधल्या डिरेक्टरीतल्या लिंकही नको असतील, तर लिनक्स ५.६पासून त्यासाठी ओपनॅट२ हा कॉल आहे.