ब्लॉक तोच, इंजिन वेगळं: अँबॅसिडरचं आणि बोटीचं

"भाऊ, ब्लॉक तोच आहे. अँबॅसिडरचं इंजिन आणतो, दोन दिवसांत बसवून देतो."

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, शेडमध्ये मिस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा उजळला. त्यांच्या जुन्या सागवानी मोटरबोटीचं पेट्रोल इंजिन कामातून गेलं होतं. सुटे भाग मिळायची आशा त्यांनी सोडली होती, आणि आता कळत होतं की तेच इंजिन वडोदऱ्यातल्या एखाद्या भंगारवाल्याकडेसुद्धा मिळेल.

मिस्त्री खोटं बोलत नव्हते. ब्लॉक म्हणजे ज्यात सिलिंडर असतात तो इंजिनाचा ओतीव सांगाडा. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं बसत होतं, आणि बोटींसाठीही ते तयार होऊन मिळायचं. जुन्या बोटींत हे सर्रास दिसतं. बोटीसाठी वेगळा ब्लॉक ओतत बसण्यापेक्षा मोटारीचं किंवा ट्रकचं इंजिन घ्यायचं आणि ते पाण्यावरच्या कामाला तयार करायचं. अमेरिकेतल्या क्रिस-क्राफ्ट या बोटी बनवणाऱ्या कंपनीच्या 'के' इंजिनाचा ब्लॉकही हर्क्युलीस या इंजिन कंपनीचाच. घोटाळा होतो तो इथेच. ब्लॉक ओळखीचा निघाला की अख्खं इंजिन ओळखीचं वाटतं. पण खरा फरक ब्लॉकला बाहेरून जे जोडलंय त्यात आहे, आणि त्यातल्या काही गोष्टी जिवावरच्या आहेत.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. मोटारीत इंजिनाखाली मोकळा रस्ता असतो, थेंब गळला तरी वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते. बोटीचा तळ म्हणजे बंद परात. वाफ तिथे उतरते आणि बसून राहते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के झालं की एक ठिणगी पुरते. मोटारीचा सेल्फ, डायनॅमो आणि डिस्ट्रिब्यूटर आतल्या आत ठिणग्या टाकतच असतात, रस्त्यावर त्याचं काही वाटत नाही. बोटीसाठी केलेल्या या तीन वस्तू बाहेरून अगदी तशाच दिसतात, पण आत भडका उडालाच तर तो बाहेर येऊ नये अशी त्यांची बांधणी असते. मोटारीच्या वस्तू बोल्टाला बोल्ट जुळून बसतात, म्हणूनच त्यांची मला जास्त भीती वाटते.

काकांना हे तोंडी सांगून पटेना. मग आम्ही दोन्ही कार्बोरेटर टेबलावर वर्तमानपत्र पसरून शेजारी शेजारी ठेवले. वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी फ्लोटची सुई अडकावी म्हणून तिच्या बैठकीत धाग्याचा तुकडा घातला आणि वरच्या बाटलीतून नळीने रॉकेल सोडलं, मुद्दामच पेट्रोल नाही. अँबॅसिडरच्या कार्बोरेटरमधून अर्ध्या मिनिटात रॉकेल बाहेर आलं, बाजूने ओघळलं आणि कागदावर डाग पसरत गेला. बोटीच्या कार्बोरेटरमध्ये त्या वाटीची हवेची नळी आतल्या घशाकडे, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेकडे, वळवलेली. उतू गेलेलं सगळं रॉकेल घशातच पडलं, बाहेरचा कागद कोरडा राहिला. असं पेट्रोल आत गेलं तर इंजिन फार तर सुरू होणार नाही, पण बोटीच्या तळात थेंब पडणार नाही. काका त्या डागाकडे बराच वेळ बघत होते.

एअर क्लीनरचंही तसंच. मोटारीचा फिल्टर धूळ अडवायला असतो. बोटीत त्या जागी धातूच्या पात्यांचा किंवा जाळीचा फ्लेम अरेस्टर लागतो. इंजिनाने उलट भडका मारला तर ज्वाळा त्या धातूतून जाताना थंड होऊन विझते. खाणीतल्या डेव्हीच्या जाळीदार सुरक्षा-दिव्याचं, १८१५ सालचं, तत्त्व हेच. अमेरिकेत २५ एप्रिल १९४० नंतर बोटीत बसवलेल्या प्रत्येक पेट्रोल इंजिनाला, आउटबोर्ड सोडून, अशी सोय कायद्याने सक्तीची आहे.

आता आमचं इंजिन मेलं कशाने, तेही सांगायला हवं. मोटारीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उघडा असतो आणि चांगलाच तापतो. लाकडी बोटीत ते चालणार नाही, म्हणून बोटीच्या मॅनिफोल्डला दुहेरी भिंत असते आणि मधून पाणी वाहतं. ही बोट पूर्वी कोकण किनाऱ्यावर होती. खाऱ्या पाण्याने आतली भिंत खाल्ली, पाणी एक्झॉस्टमधून तिसऱ्या सिलिंडरमध्ये उतरलं. पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकला, आणि तसंच चालवल्यावर ब्लॉकला करंगळी जाईल एवढं भोक पडलं. म्हणजे जुना मॅनिफोल्ड नव्या इंजिनाला लावला असता तर तेही त्याच वाटेने गेलं असतं. आम्ही तोंडं बुजवून त्यात पाण्याचा दाब ठेवला, तर सकाळपर्यंत काटा शून्यावर.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. ब्लॉकच्या अंगावरची गोल बुचं मोटारीत पोलादाची असतात. बोटीत नदीचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं, तिथे ती पितळेची हवीत. बोटीत इंजिन मागे कललेलं बसतं, त्यामुळे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात (संपमध्ये) तेल मागे जमतं आणि मोटारीच्या डिपस्टिकवरची खूण खोटी ठरते. इंजिन त्याच उतारावर ठेवून, मोजून तेल घालून, नवी खूण करावी लागते. फिरण्याची दिशा फ्लायव्हीलच्या बाजूने उभं राहून तपासावी, कारण काही जुनी बोटीची इंजिनं उलटी फिरतात.

ताकदीचा हिशेबही वेगळा. मोटार हायवेला लागली की इंजिन जवळजवळ आराम करत असतं. बोटीला उतार नसतो, ती कायम घाट चढते. पाण्यातल्या पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी ताकद साधारण फेऱ्यांच्या घनाने वाढते, म्हणजे फेऱ्या निम्म्या केल्या तर ताकद आठव्या हिश्श्यावर येते, आणि पूर्ण फेऱ्यांवर सगळी ताकद तासन्‌तास द्यावी लागते. मोटारीत कुरकुर न करता चालणारं थकलेलं इंजिन बोटीत पहिल्याच फेरीला उघडं पडतं. म्हणून भंगारातलं इंजिन "चालू आहे" म्हणून घेऊ नये, उघडून, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजून घ्यावं.

अखेर मिस्त्रींचा अर्धा सल्ला आम्ही मानला. अँबॅसिडरचा ब्लॉक, क्रँक आणि हेड घेतलं, बोअर करवलं, पितळी बुचं ठोकली. कार्बोरेटर, अरेस्टर, सेल्फ, डायनॅमो, डिस्ट्रिब्यूटर, पाण्याचा पंप आणि गिअरबॉक्स बोटीचेच ठेवले. मॅनिफोल्ड नवा घेतला. शिवाय तळातली हवा ओढून काढणारा ब्लोअर बसवला. सेल्फ मारण्याआधी तो चार मिनिटं चालवायचा, हा नियम काकांनी स्वतःच्या हाताने लिहून चावीजवळ चिकटवला.

दोन दिवसांचं काम अडीच महिने चाललं. मिस्त्रींनी शेडमध्येच शाफ्टचं कपलिंग, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा दांडा जोडणाऱ्या दोन चकत्या, जुळवून घट्ट केलं होतं, ते मी सोडवायला लावलं. लाकडी बोट पाण्यात गेली की फळ्या फुगतात आणि सांगाड्याचा आकार किंचित बदलतो. चांदोदला नर्मदेत तिला दोन दिवस नुसती बांधून ठेवली. तिसऱ्या सकाळी दोन्ही चकत्यांमधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला, तर वरच्या बाजूला पाती सहज सरकत होती आणि खाली शिरत नव्हती. मिस्त्री इंजिनाच्या पायांखाली पातळ पट्ट्या घालत गेले, मी मोजत गेलो. दुपारी चारही बाजूंना एकाच पातीला सारखी ओढ लागली. मग त्यांनी बोल्ट आवळले, आणि काकांनी ब्लोअर सुरू करून घड्याळ बघितलं.