मोटरसायकलचा पल्ला आणि पेट्रोलचे नियोजन

एकदा टाकी फुल केल्यावर पुन्हा पेट्रोल न घालता मोटरसायकल जेवढे अंतर जाते, तो तिचा पल्ला. टाकीत मावणारे लिटर गुणिले गाडीचे ॲव्हरेज, एवढाच वरवर हिशेब. प्रत्यक्षात या गुणाकारातले दोन्ही आकडे डळमळीत असतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे. शहरात पल्ल्याचा विचार कोणी करत नाही, कारण रिझर्व्हला लागलेल्या गाडीलाही दोन-चार किलोमीटरवर पंप सापडतो. घाट, जंगल किंवा हिमालयातला रस्ता लागला की गाडी एकूण किती जाईल याला फारसे महत्त्व राहत नाही. या पंपावरून निघाल्यावर पुढच्या चालू पंपापर्यंत ती पोचेल का, एवढेच पाहायचे असते. म्हणून नियोजन करताना सहलीचे एकूण अंतर बाजूला ठेवून दोन पंपांमधला सर्वांत लांब टप्पा आधी शोधावा.

टाकी आणि ॲव्हरेज

हीरो स्प्लेंडर प्लसची टाकी ९.८ लिटरची आहे. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ची १३ लिटर, इंटरसेप्टर ६५० ची १३.७ आणि हिमालयन ४५० ची १७ लिटर. स्प्लेंडरने लिटरला ६० दिले तर एका टाकीत पावणेसहाशेच्या वर किलोमीटर होतात. क्लासिकने ३३ धरले तर सव्वाचारशे, आणि इंटरसेप्टरने २४ दिले तर जेमतेम सव्वातीनशे. लांबच्या प्रवासासाठी हौसेने घेतलेल्या दणकट गाडीपेक्षा दूधवाल्याची गाडी एका टाकीत जास्त लांब जाते, हे नव्या रायडरच्या पचनी पडायला वेळ लागतो. टाकीचा आकार पुष्कळदा गरजेपेक्षा रूपावर ठरतो. हार्ले-डेव्हिडसनच्या काही स्पोर्टस्टर गाड्यांची चिमुकली टाकी आठ लिटरच्या आसपास होती, तर बीएमडब्ल्यूच्या आर १२५० जीएस ॲडव्हेंचरला ३० लिटरची टाकी होती. एक रस्त्यावर मिरवायला, दुसरी खंड ओलांडायला.

माहितीपत्रकातली टाकीची क्षमता आणि वापरता येणारे पेट्रोल यांत फरक असतो. तळाशी थोडे पेट्रोल उरतेच. गाडी साइड स्टँडवर तिरकी ठेवून भरली तर टाकी फुल दिसते, पण सरळ उभी केल्यावर आणखी थोडे मावते. लांबच्या टप्प्याआधी गाडी मेन स्टँडवर घ्यावी किंवा सोबत्याने सरळ धरावी. मात्र तोंडापर्यंत भरणेही बरे नाही. पेट्रोल १० अंशांनी तापले की साधारण एक टक्क्याने फुगते. विदर्भातल्या मे महिन्यात जमिनीखालच्या टाकीतून आलेले गार पेट्रोल १५ लिटर भरले आणि गाडी उन्हात लावली, तर पाव लिटरहून अधिक पेट्रोलला जागा उरत नाही; ते ओव्हरफ्लोच्या नळीने रस्त्यावर येते. पैसे गेलेच, वर भडक्याची भीती.

ॲव्हरेज काढण्याची खात्रीची रीत फुल टू फुल हीच. टाकी भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी चालवायची, पुन्हा तेवढीच भरायची आणि झालेल्या किलोमीटरला लागलेल्या लिटरनी भागायचे. हे एकदा करून भागत नाही. एकट्याने हायवेवर आलेला आकडा, मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना बॅगा असताना घाटात येणारा आकडा, असे दोन-तीन आकडे हाताशी हवेत. कंपनीचा आकडा ठरावीक परिस्थितीतल्या चाचणीतला असतो. त्यावर घाट ओलांडायला निघू नये.

वेगाचा मारा सर्वांत मोठा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून १०० वर गेले की तो पावणेतीन पटींपेक्षा जास्त होतो. मोटरसायकलवर ताठ बसलेला माणूस हवेच्या दृष्टीने अगदीच बेढब, त्यात बाजूला पेट्या लावल्या की विचारायलाच नको. समोरून वारा, टायरमधली कमी हवा, सुटलेला चिखल, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली चढण, या प्रत्येकाचा वाटा वेगळा. पेट्रोल कमी उरले आणि पंप लांब असला तर हातात असलेला सोपा उपाय एकच: वेग ५०-६० वर आणून वरच्या गिअरमध्ये शांतपणे चालवणे. लवकर पोचावे म्हणून ॲक्सिलरेटर पिळणारे आधी थांबतात.

इथेनॉलचा परिणाम

देशातल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, म्हणजे उसापासूनही बनणारे अल्कोहोल, मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले. २० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि नंतर देशभर तेच मिळू लागले. एका लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. प्रत्यक्ष ॲव्हरेज किती घसरेल हे इंजिनच्या जुळणीवर अवलंबून आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींमध्ये तीन ते चार टक्के घट धरली होती. रोजच्या वापरात हे जाणवतही नाही, पण ३५० किलोमीटरच्या टप्प्यात तेवढ्याने दहा-बारा किलोमीटर कमी होतात. उसाच्या राज्यात राहून इथेनॉलबद्दल वाकडे बोलणे अवघड, तरी जुना आकडा मनात धरून नवा हिशेब करू नये.

इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसात टाकीच्या झाकणाखालचे पाणी निघून जायचे बारीक भोक चिखलाने बुजले, तर झाकणाभोवती साचलेले पाणी आत झिरपते. पाणी जास्त झाले की इथेनॉलसह ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते आणि गाडी ऐन घाटात आचके देऊ लागते. पावसाळ्यात कोकणात उतरण्याआधी झाकण उघडून त्या भोकात बारीक तार घालून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

रिझर्व्ह

कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजिनाला जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या गाड्यांना टाकीखाली पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी असे. टाकीच्या आत त्याला दोन तोंडे: एक उंच नळीचे, दुसरे तळाजवळचे. कॉक चालूच्या खुणेवर असताना पेट्रोल उंच नळीतून येते. पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की इंजिन खोकते, दम सोडते. सरावलेला माणूस न थांबता डावा हात गुडघ्याजवळ नेऊन कॉक रिझर्व्हवर फिरवतो आणि चार-पाच सेकंदांत गाडी पुन्हा ओढू लागते. उरलेले एक-दीड लिटर म्हणजे रिझर्व्ह. त्यासाठी वेगळी टाकी नसते. तेच पेट्रोल, फक्त खालच्या तोंडाने. भरल्यावर कॉक परत जागेवर आणायला विसरणारा पुढच्या वेळी कोणतीही सूचना न मिळता थांबतो. कॉक कायम चालूच्या खुणेवरच राहिला तर तळाशी साचलेले पाणी आणि गंज नेमके गरजेच्या वेळी कार्ब्युरेटरमध्ये जातात, म्हणून अधूनमधून रिझर्व्हवर चालवणे चांगले.

रिझर्व्हही संपले तरी एक युक्ती उरते. मोटरसायकलची टाकी चौकटीच्या मधल्या नळीवर खोगिरासारखी बसते, आणि कॉकच्या विरुद्ध बाजूच्या खोलगट भागात थोडे पेट्रोल अडकून राहते. गाडी कॉकच्या बाजूला चांगली तिरकी केली की ते उंचवट्यावरून इकडे येते. एखाद-दुसरा किलोमीटर निघतो, आणि पंप टेकाडापलीकडे असेल तर तेवढाही पुरतो.

एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस ६ निकष लागू झाले आणि कार्ब्युरेटरच्या जागी पेट्रोल मोजून फवारणारे फ्युएल इंजेक्शन बहुतेक गाड्यांत आले. कॉक गेला, पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बसला आणि रिझर्व्हच्या जागी दिवा आला. हा पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, त्यामुळे गाडी वारंवार कोरडी होईपर्यंत पळवणे त्याला महागात पडते. काट्यावरही आंधळा विश्वास नको. टाकी वर रुंद आणि खाली निमुळती असल्याने पहिली अर्धी उतरायला बराच वेळ लागतो, मग काटा भराभर पडतो. काही गाड्यांच्या पडद्यावर उरलेले किलोमीटर दिसतात. तो आकडा नुकत्याच झालेल्या ॲव्हरेजवरून काढलेला असतो. उतारावर तो फुगतो, चढ लागला की कोसळतो. ट्रिप मीटर जास्त प्रामाणिक.

लांब टप्पे

पल्ल्याची खरी परीक्षा पाहणारा भारतातला प्रसिद्ध रस्ता मनाली–लेहचा. लाहौलमध्ये चंद्रा आणि भागा नद्यांच्या संगमाजवळ तांदी इथे इंडियन ऑइलचा पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, असा तिथला फलक गाडीसह फोटो काढण्याची जागा झाला. लेहच्या अलीकडे सुमारे ३५ किलोमीटरवर कारूला पंप असल्याने प्रत्यक्ष टप्पा ३३० च्या आसपास येतो. क्लासिकसारखी गाडी लिटरला ३० देत असेल तर १३ लिटरमध्ये ३९० होतात, म्हणजे कागदावर निभावते. पण वाटेत बारालाचा, लाचुंग आणि ५,३०० मीटरहून उंच तांगलांग या खिंडी आहेत. विरळ हवेत कार्ब्युरेटर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. इंजेक्शनवाली गाडी प्रमाण सांभाळते, पण ताकद तिचीही घटते आणि खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ जातो. मागे माणूस आणि सामान असेल तर ॲव्हरेज २५ वर येऊ शकते. मग पल्ला ३२५, टप्पा ३३०. पाच लिटरचा कॅन इथे शोभेला बांधत नाहीत. वाटेतल्या सरचू आणि पांगच्या तंबूवाल्यांकडे पेट्रोल मिळालेच तर जादा भावाने आणि शुद्धतेची हमी न घेता.

शेजारच्या स्पितीत काझाला ३,७०० मीटरहून उंचावरचा पंप आहे; जगातला सर्वांत उंच किरकोळ पंप म्हणून तो ओळखला जातो. अशा ठिकाणी अंतरापेक्षा साठ्याची काळजी मोठी. दरड कोसळून टँकर अडला की रांग वाढत जाते. म्हणून काझात पोचल्या संध्याकाळीच टाकी भरून टाकावी, सकाळवर ठेवू नये.

परदेशातही असे टप्पे आहेत. अलास्कातल्या डाल्टन हायवेवर कोल्डफूटपासून डेडहॉर्सपर्यंत २४० मैल, म्हणजे सुमारे ३८५ किलोमीटर, पेट्रोल मिळत नाही. अमेरिकेतल्या आयर्न बट असोसिएशनच्या चोवीस तासांत हजार मैलांच्या आव्हानात पेट्रोलच्या पावत्यांवरची वेळ आणि ठिकाण हाच पुरावा धरतात. भारतातही अनेकांनी ते पूर्ण केले आहे. तिथे पंपावर घालवलेला वेळही हिशेबात येतो, त्यामुळे मोठ्या टाकीला वेगळेच मोल येते.

महाराष्ट्रात

राज्यात एवढे लांब टप्पे नाहीत, तरी फसायला वाव आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद आहेत. जुन्या रस्त्यांवर पंप भरपूर, पण गावाकडचे बरेच पंप रात्री लवकर मिटतात. ताम्हिणीतून कोकणात उतरताना पौड सोडले की माणगावच्या बाजूला येईपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नये. सागरी मार्गाने जाताना आगरदांडा–दिघी, वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे अशा फेरीबोटी लागतात. शेवटची बोट चुकली तर खाडीला वळसा घालून जावे लागते आणि ते अंतर कोणी मोजलेले नसते. मोबाईलला रेंज नसली की स्कॅन करून पैसे देणे थांबते, म्हणून एका टाकीपुरती रोकड खिशात हवी.

कधी कधी पंप असतो, पेट्रोल नसते. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला अपघातांबाबतच्या नव्या कायदेशीर तरतुदीविरोधात टँकरचालकांनी काम थांबवले, तेव्हा राज्यभर पंपांवर रांगा लागल्या आणि काही तासांतच अनेक पंप कोरडे पडले. अर्ध्या टाकीला भरायची सवय असलेल्यांना त्या दोन दिवसांत फारशी धावपळ करावी लागली नसावी.

ग्रुपने जाताना सर्वांत कमी पल्ल्याच्या गाडीवर सगळ्यांचे थांबे ठरतात. एकाने भरले की सगळ्यांनी भरायचे, टाकी अर्धी असली तरी. अन्यथा आठ गाड्या आठ ठिकाणी थांबतात. कोणाचे संपलेच तर देणारी गाडी बहुधा ग्रुपमधली सर्वांत जुनी असते, कारण कार्ब्युरेटरवरची रबरी नळी काढून कॉक उघडला की पेट्रोल बाटलीत उतरते. इंजेक्शनच्या गाडीतून ते काढणे कटकटीचे. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याचा प्रकार पूर्ण टाळावा. घोट छातीत गेला तर फुप्फुसांना गंभीर इजा होते.

सोबत नेण्याचे नियम

पेट्रोलियम कायदा, १९३४ च्या कलम ८ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही. मात्र ते घट्ट झाकणाच्या भांड्यात हवे: काच किंवा चिनी मातीचे असेल तर एक लिटरपर्यंत, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला त्यात जागा नाही, आणि बाटलीत पेट्रोल मिळणार नाही अशी पाटी पंपांवर दिसते ती उगाच नाही. कॅन भरताना गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवावा, वर थोडी जागा सोडावी आणि सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला, शक्य तितका खाली बांधावा. टाकीत तेवढी जागा झाली की सपाट, निवांत ठिकाणी तो लगेच ओतून रिकामा करावा. टाकी कोरडी पडायची वाट पाहणाऱ्याला हे काम बहुधा अंधारात, वाऱ्यात आणि वळणावर करावे लागते.

रेल्वेने गाडी पाठवताना टाकी पूर्ण रिकामी असावी लागते. पार्सल ऑफिसात झाकण उघडून तपासतात, आणि स्टेशनाबाहेर नळी-बाटली घेऊन पेट्रोल काढून देणारे बहुधा असतातच. उतरायच्या स्टेशनापासून पहिला पंप किती लांब आहे, हे गाडी बुक करण्याआधी नकाशावर पाहून ठेवावे. तेवढे अंतर ती ढकलत न्यायची असते.