शिवणाचा तास वेळापत्रकात कसा आला

मुलींच्या शाळेच्या आठवणी निघाल्या की शिवणाचा तास निघतोच. नमुन्यांच्या वहीत डकवलेले चार बोटं रुंदीचे कापडाचे तुकडे, त्यांवर धावदोरा, हेम, उलटी टीप, साखळी. काज सगळ्यात अवघड, कारण चीर वाकडी गेली की तुकडाच फुकट. बाई वही उलटी करून मागची बाजू आधी बघायच्या आणि गाठ दिसली की सगळं उसवायला लावायच्या. आज हे सांगताना हसू येतं. पण मुलींनी शाळेत नेमकं काय शिकायचं यावरून पुण्यात एकेकाळी वर्तमानपत्रांतून जुंपली होती.

पुण्यात भिडेवाड्यात फुले पतीपत्नींनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली. पुढच्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींसाठी शाळा उघडल्या. त्या काळी वाद होता तो मुलींनी शिकावं की नाही, एवढाच. काय शिकावं इथपर्यंत तो पोचलाच नव्हता. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. शाळकरी मुलीचं इतकं धारदार लेखन नंतरच्या, जास्त नावाजलेल्या शाळांमधूनही सहसा दिसत नाही. त्या शाळांचे दरवाजे बराच काळ ठरावीक घरांतल्या मुलींपुरतेच उघडे होते, हेही इथेच सांगितलेलं बरं.

खरी अडचण शिक्षिकांची. पुरुष मास्तरांपुढे मुलगी बसवायला घरचे राजी नसत आणि शिकवणाऱ्या बायका आणायच्या कुठून? पुण्यात 1870 मध्ये फीमेल ट्रेनिंग कॉलेज निघालं ते यासाठी. शिक्षिकेच्या पेशात विधवांचा भरणा पुढे बराच काळ राहिला. त्यांना घरात जागा नव्हती, शाळेत मात्र त्यांची गरज होती.

मग 1884 मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, रा. गो. भांडारकर या मंडळींनी मुलींचं हायस्कूल काढलं. पेशव्यांच्या खाशा घोड्यांच्या पागेची जागा मिळाली म्हणून लोकांच्या तोंडी ते हुजूरपागा झालं. पहिल्या मुख्याध्यापिका मिस हर्फर्ड. इथे इंग्रजीसकट हायस्कूलचे विषय शिकवायचे ठरले आणि वादाला तोंड फुटलं. टिळकांच्या ‘मराठा’ने 1887 मध्ये या अभ्यासक्रमावर लेखमाला चालवली. त्यांचा एक आक्षेप अगदी व्यवहारातला होता: मुलगी अकरा ते पाच शाळेत बसली तर घरकाम कधी शिकणार? सकाळी किंवा दुपारी तीन तास पुरेत, मातृभाषेतून शिकवा, शिवणकाम आणि नीतीचे धडे द्या, असा एकूण रोख. आगरकर बरोबर उलट टोकाला. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, असं त्यांनी लिहिलं. पुण्याने त्यांचं तेव्हा किती ऐकलं, हे मुलींच्या वेगळ्या शाळा किती वाढल्या त्यावरून दिसतंच.

गंमत पुढे आहे. टिळकांच्या यादीतले काही विषय सुधारकांच्याच हातून अभ्यासक्रमात पक्के झाले. महर्षी कर्व्यांच्या हाती जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. 1915 च्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि 1916 मध्ये ते सुरूही केलं. माध्यम मराठी, विषयांत आरोग्य आणि गृहव्यवस्था. हेतू वेगळा होता, बायकांना स्वतःच्या पायावर उभं करण्याचा. पण या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळायला 1951 उजाडलं. तोवर पदवी हातात असूनही सरकारदरबारी तिचं वजन कमीच. उलट हुजूरपागेतून मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक होणाऱ्या मुलीला पुढची वाट मोकळी होती. ब्रह्मदेशातून सातव्या वर्षी इथे शिकायला आलेल्या इरावती कर्वे 1922 मध्ये मॅट्रिक झाल्या आणि पुढे बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आल्या. माझ्या मते त्या वादाचा निकाल इथेच लागला, फक्त कोणी तो मोठ्याने सांगितला नाही. शाळांनी मात्र दोन्ही ठेवलं: सकाळी भूमिती, दुपारी काज.

आठवणींतली आणखी एक गोष्ट म्हणजे बाईंचा धाक. रिबिनी सुटलेल्या वेण्या, फाटकापाशी रेंगाळणं, मोठ्याने हसणं, सगळ्यावर नजर. तो नुसता स्वभावाचा भाग नसावा. पंडिता रमाबाईंची विधवा आणि मुलींसाठीची निवासी शाळा, शारदा सदन, 1890 मध्ये मुंबईहून पुण्यात आली. मुलींना ख्रिस्ती वळण लावलं जातंय असा बोभाटा झाला, 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून घेतल्या. एका बोभाट्याने शाळा ओस पडू शकते, हे मुलींची संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं होतं.