गाडीखाली तेलाचा डाग दिसला, तर आधी हे वाचा

नमस्कार.

आमचं दुकान गाड्यांच्या सुट्या भागांचं, आणि मागच्या शेडमध्ये दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज. म्हणजे पॅकिंग (इंजिनच्या दोन भागांमधून तेल गळू नये म्हणून मध्ये बसवतात ते) विकणारे आम्ही आणि बसवून देणारेही आम्हीच. कुठलं काम तुम्ही घरी करू शकता आणि कुठल्या कामाला हात लावू नये, हे आम्ही काउंटरवर रोज तोंडी सांगतो. गर्दीत ते अर्धवट राहतं, म्हणून इथे लिहून देत आहोत.

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षक आले होते. त्यांच्या वॅगन आरखाली रोज सकाळी रुपयाएवढे दोन डाग पडायचे. त्यांनी गाडी दुसरीकडे दाखवली, तेव्हा "इंजिन खोलावं लागेल, १८ हजार धरून चाला" असं उत्तर मिळालं. आम्ही बॉनेट उघडून टॉर्च मारला. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कडेतून ऑइल पाझरत होतं आणि इंजिनच्या पाठीवरून ओघळत खाली चेंबरपर्यंत, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यापर्यंत, आलं होतं. आतलं रबरी पॅकिंग उष्णतेने वाळून कडक झालं होतं. काम तासाभराचं निघालं आणि पॅकिंग, मजुरी धरून खर्च हजाराच्या आत आला. सरांचे पैसे वाचले हे चांगलंच झालं. पण त्या १८ हजारांच्या धास्तीने त्यांनी तीन आठवडे गाडी दारात उभी ठेवली होती आणि ते रिक्षाने शाळेत जात होते, याचं आम्हाला फार वाईट वाटलं.

ऑइलगळतीत जास्तीचा पैसा जातो तो बहुतेक वेळा अंदाजावर. गळती कुठून आहे हे न शोधता "हे बदलू, ते बदलू" सुरू होतं. शोधायचं काम मात्र तुम्ही स्वतः करू शकता, त्याला एक पैसा लागत नाही.

आधी डाग कसला आहे ते बघा

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने आखून ठेवा. सकाळी डाग नेमका कशाखाली पडला ते कळतं. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, काळजी नको. हिरवं किंवा गुलाबी, बोटाला किंचित चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. ते लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा, विषारी असतं. लालसर तेल बहुधा पॉवर स्टीअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. दाट आणि उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल. मधासारखं पिवळट ते काळं असेल तर इंजिन ऑइल, आणि हे पत्रक मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

चाकाजवळ पातळ, बुळबुळीत डाग असेल आणि ब्रेकचा पेडल खोल जात असेल, तर ते ब्रेक ऑइल समजा. मग गाडी एक फूटही चालवू नका. फोन करा, आम्ही येतो.

वरून खाली शोधा

ऑइल वरून खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे जिथे थेंब लोंबतो तिथेच गळती असते असं नाही. चेंबर तेलाने माखलेला दिसला की चेंबरचं पॅकिंग गेलं असं लोक धरून चालतात. कितीदा तरी चेंबर निर्दोष असतो आणि वरून आलेलं ऑइल त्याच्यावर साचलेलं असतं. सगळ्यांत वरची ओली जागा शोधा.

त्यासाठी इंजिन आधी पुसून घ्यावं लागतं. ते पूर्ण थंड असताना डिग्रीजर लावून फडक्याने पुसा. पेट्रोलने कधीही पुसू नका. अल्टरनेटर आणि वायरच्या जोडांवर पाण्याचा फवाराही मारू नका, नाहीतर गळती राहील बाजूला आणि गाडी सुरूच होणार नाही. पुसल्यावर २०-३० किलोमीटर फिरून या आणि टॉर्च घेऊन वरून बघत चला. शंकेच्या जागी थोडी टाल्कम पावडर भुरभुरली, तर ऑइलची वाट त्यावर स्पष्ट उमटते. आमचा जुना मिस्त्री आजही असंच करतो.

बघण्याचा क्रम असा ठेवा: ऑइल भरायचं झाकण, टॅपेट कव्हरची चारही बाजूंची कड, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल फिल्टर, आणि शेवटी चेंबर व त्याचा ड्रेन बोल्ट (जुनं ऑइल काढायचा). इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्या सांध्यातून थेंब पडत असेल तर मागचं क्रँक ऑइल सील (इंजिनचा मुख्य फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथली रबरी रिंग) संशयात घ्या. इंजिनच्या बेल्टकडच्या बाजूने येत असेल तर पुढचं सील.

हे सगळं करताना डिपस्टिक विसरू नका. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक एकदा पुसून परत घाला आणि मग वाचा. बहुतेक लहान गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. खूण ओलांडून जास्त ऑइल भरलं असेल, तरीही ते सीलमधून बाहेर पडतं. अशा वेळी जास्तीचं काढलं की गळती थांबू शकते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. डॅशबोर्डवरचा तेलाच्या किटलीचा लाल दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागेपर्यंत ऑइल फार खाली गेलेलं असू शकतं. चालत्या गाडीत तो लागला तर "पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ" असं म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. त्या दोन किलोमीटरमध्ये बेअरिंग जातात, आणि मग इंजिन खरंच खोलावं लागतं.

घरी करण्यासारखी कामं

ड्रेन बोल्टचा वॉशर. हा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि दरवेळी ऑइल बदलताना नवा टाकायचा असतो. किंमत चहा-वड्याएवढी, पण घाईत जुनाच परत लावतात आणि थेंब सुरू होतात. बोल्ट जोर लावून आवळला की गळती थांबेल असं वाटतं. मात्र चेंबरचे आटे गेले की चेंबरच बदलायची वेळ येते. असे दोन-तीन चेंबर दर वर्षी आमच्याकडे येतात.

ऑइल फिल्टर. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसला की दोन रिंगांच्या मधून ऑइल घळाघळा बाहेर येतं. म्हणून बसण्याची जागा बोटाने फिरवून तपासा, नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा आणि फिल्टर हातानेच आवळा. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो, फिल्टरच्या खोक्यावर छापलेलंही असतं. तिथे पाना लागत नाही.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग. जुन्या गाड्यांत ही गळती आम्ही सर्वांत जास्त बघतो, आणि ज्याच्या हाताला पान्याची थोडी सवय आहे त्याला हे रविवारी सकाळी जमतं. इंजिन थंड हवं. वायर आणि पाइप सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कव्हर निघालं की आत कचरा, वाळू पडू देऊ नका, कारण तिथून ती थेट इंजिनात जाते. दोन्ही बाजूंच्या कडा लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने साफ करा. पातं लावलं की अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे उठतात आणि तिथूनच परत गळतं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे करत, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. लहान इंजिनांत यांना फार कमी जोर लागतो, साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास. आपल्या गाडीचा नेमका आकडा आम्हाला विचारा. टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराने आवळणारा) आम्ही अनामत ठेवून एका दिवसासाठी देतो, त्याचं भाडं घेत नाही.

पॅकिंग पेस्टबद्दल: जिथे कंपनीने सांगितली आहे तिथे, म्हणजे बहुधा कोपऱ्यांवर, मुगाच्या दाण्याएवढी पुरते. जास्त लावलेली पेस्ट आतल्या बाजूला फुगते, तिचे तुकडे पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. बाहेरची गळती थांबली तरी आत इंजिनाला ऑइल पोचत नाही.

गळती थांबवणारं औषध म्हणून बाटल्या मिळतात. आम्ही त्या विकतो, तरी प्रामाणिकपणे सांगतो: वाळलेलं सील थोडं फुगवून पाझर कमी करण्यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. फाटलेल्या पॅकिंगला त्या काही करत नाहीत.

गाडीखाली शिरायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही शिरू नका. विटा, दगड, जुनी रिम यांवरही नाही. घोडी (उचललेली गाडी पेलणारा लोखंडी स्टँड) लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा. घोडी नसेल तर ते काम आमच्याकडे आणा. यात आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

मिस्त्रीकडेच द्यायची कामं

पुढचं क्रँक सील आणि कॅम सील (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याचं) अनेक गाड्यांत टायमिंग बेल्टच्या, म्हणजे हे दोन्ही दांडे जुळवून फिरवणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या, मागे असतं. बेल्ट एक दात जरी चुकीचा बसला तरी इंजिन नीट चालत नाही, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. ऑइल पडून भिजलेला टायमिंग बेल्ट परत वापरायचा नसतो, नवा टाकायचा.

मागच्या क्रँक सीलला मजुरी जास्त लागते, आणि ती वाजवी आहे. सील लहान असतं, पण तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. माणसाचा जवळपास पूर्ण दिवस जातो. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट बघून घ्या. झिजली असेल तर त्याच मजुरीत बदलते, पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा पैसे जात नाहीत.

सील बदलण्याआधी मिस्त्रीला एक प्रश्न जरूर विचारा: "पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरचा पाइप बघितला का?" इंजिनमधले वायू बाहेर जायचा हा मार्ग तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल जिथे वाट मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं. व्हॉल्व्ह तसाच राहिला तर नवं सीलही काही महिन्यांत गळू लागतं. "दोनदा सील बदललं तरी गळतंय" अशी गाडी आली की आम्ही पहिल्यांदा इथेच हात घालतो.

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः काहीही खोलू नका आणि आमच्याकडेही आणू नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या, तिथे ते फुकट व्हायला हवं.

बिल समजून घ्या

आमच्याकडे असो की कुठेही, काम सुरू होण्याआधी "गळती कुठे आहे ते मला दाखवा" म्हणा. ज्याने शोधली आहे तो दाखवतो. अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात सुटे भाग वेगळे आणि मजुरी वेगळी. काढलेले जुने भाग परत मागा. नव्या भागाच्या पाकिटावर एमआरपी असते, ती बिलाशी ताडून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. कुणी अजून जुन्या दराने २८ टक्के लावत असेल तर विचारा. वाद मिटत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तसंच, मिस्त्रीने अर्धा तास गाडी तपासून "हे साधं आहे, घरी करा" असं सांगितलं, तर त्या अर्ध्या तासाचे पैसे आनंदाने द्या. ती त्याची विद्या आहे. आम्ही तपासणीचे २०० रुपये घेतो आणि काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा करतो.

जुनं ऑइल

काढलेलं ऑइल गटारात, मोरीत किंवा परड्यात ओतू नका. विहिरीच्या पाण्यात ते उतरलं तर बाहेर काढता येत नाही. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. रिकाम्या कॅनमध्ये भरून आमच्याकडे आणून द्या. आम्ही ते साठवतो आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवतो. ऑइल आमच्याकडून घेतलेलं नसलं तरी चालेल, पण त्यात कूलंट किंवा पाणी मिसळू नका.

येताना आरसी बुक किंवा त्याचा फोटो, डागाचा पुठ्ठा आणि ओल्या जागेचा मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन या. एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार पॅकिंग बदलतं. आरसी समोर असली की योग्य पॅकिंग पहिल्याच खेपेला हाती लागतं आणि तुमचा दुसरा हेलपाटा वाचतो.