व्यालेली चिंचिला आणि तिची पिल्ले

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या कोरड्या, थंड उतारांवरचा कृंतक, म्हणजे उंदरासारखा कुरतडणारा, प्राणी. घरात पाळतात ती चिंचिला लॅनिजेरा या जातीची वंशज. रानातल्या दोन्ही जाती आज संकटग्रस्त असून वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. पाळीव वाण त्यातून वगळलेला आहे. तिच्या कातडीच्या एकेका छिद्रातून पन्नासहून अधिक केस उगवतात. एवढ्या दाट लोकरीमुळे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. नाशिकसारख्या गावात व्यालेल्या मादीची निगा राखताना पहिला विचार हवेचा करावा लागतो, तो यामुळेच.

गर्भकाळ सुमारे १११ दिवसांचा असतो. उंदरीण तीन आठवड्यांत विते, त्या मानाने हा काळ फारच लांब. पण त्यामुळे पिल्लू पुरते तयार होऊन जन्मते. अंगावर केस, डोळे उघडे, तोंडात दात, आणि तासाभरात ते चालू लागते. वजन साधारण ३० ते ६० ग्रॅम. एका वेताला बहुधा दोन पिल्ले होतात, कधी एक, कधी चार-पाचही. मादी सहसा पहाटे विते आणि वार स्वतः खाते. सकाळी पिंजऱ्यात डोकावले की तिचे नाक आणि पुढचे पंजे रक्ताने माखलेले दिसतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण पिल्लू दातांनी ओढून बाहेर काढताना लागलेले ते रक्त असते, त्यात काळजीचे काही नाही. काळजी करावी ती चार तास कळा देऊनही पिल्लू बाहेर येत नसेल तेव्हा, किंवा व्याल्यावर ती कुबड काढून बसली, खाईना, स्रावाला दुर्गंधी येऊ लागली तर. पिल्लू आत अडकल्याची ही चिन्हे आहेत. अशा वेळी पशुवैद्याकडे लगेच न्यावे.

आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी करतात, ओव्याची धुरी देतात, दारे-खिडक्या लावून घेतात. चिंचिलाच्या बाबतीत ही माया जिवावर बेतू शकते. तिला १५ ते २१ अंशांची कोरडी हवा मानवते. २७-२८ अंशांच्या पुढे उष्माघाताचा धोका सुरू होतो. नाशिकचा हिवाळा तिला सोसतो, एप्रिल-मे महिन्यांत मात्र पारा चाळिशीला टेकतो. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जोडी लागली तर वेत नेमके एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला येते. म्हणून जोडी लावतानाच दिवस मोजावेत, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. साधा पाण्याचा कूलर उपयोगाचा नाही, कारण तो ओल वाढवतो आणि ओल या लोकरीला सोसत नाही. वातानुकूलित खोलीच हवी. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींआडची तळमजल्याची खोली सिमेंटच्या वरच्या मजल्यापेक्षा बरी, पण भर उन्हाळ्यात तीही पुरत नाही. पिंजऱ्यात शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला की मादी त्यावर पोट टेकून पसरते. वीज गेल्यावर बर्फाची बाटली मोज्यात घालून पिंजऱ्याला बाहेरून टेकवून ठेवावी.

पिल्लांचे याच्या उलट. ओले पिल्लू पहिल्या काही तासांत गारठून दगावू शकते. आई त्याला चाटून कोरडे करते व पोटाखाली घेते. एखादे बाजूला पडले असेल तर ते मऊ फडक्याने पुसून तळहाताच्या उबेत धरावे आणि गरम झाल्यावर आईजवळ सोडावे. गार पडलेल्या पिल्लाला दूध कधीच पाजू नये, त्याला ते पचत नाही.

नर आधीच वेगळा केलेला बरा. मादी व्याल्यावर काही तासांतच पुन्हा माजावर येते आणि अंगावर पाजत असतानाच दुसरा गर्भ राहिला तर तिची पार दशा होते. चिंचिला लोकर स्वच्छ ठेवायला बारीक धुळीत लोळते; हे धुळीचे स्नानही आठ-दहा दिवस बंद ठेवावे, कारण बारीक धूळ योनिमार्गात जाऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो. ते पुन्हा सुरू करताना चिंचिलासाठीची खास धूळच वापरावी; रांगोळी किंवा बाळाची पावडर तिची जागा घेऊ शकत नाही. पिंजरा एकमजली, जाळीची फट अर्ध्या इंचाहून कमी. पिल्ले दुसऱ्याच दिवशी उड्या मारू लागतात आणि उंच फळीवरून पडतात.

सगळ्यात खात्रीचे साधन म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. स्टीलच्या वाटीत फडके घालून त्यात पिल्लू बसवावे आणि रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवावे. समजा पहिल्या दिवशी ४६, दुसऱ्या दिवशी ४५, मग ४७, ४९ असे आकडे आले, तर सारे ठीक आहे. पहिल्या दिवशीची किंचित घट चालते. त्यानंतर सलग दोन दिवस वजन घटले किंवा जागचे हलले नाही, तर दूध कमी पडते आहे असे समजावे. तीन-चार पिल्ले असली की स्तनासाठी भांडणे होतात, कान फाटतात, आईच्या सडांना दात लागतात. अशा वेळी पिल्लांचे दोन गट करून दोन-तीन तासांच्या पाळीने आईजवळ सोडावे. वरचे दूध द्यायचे झाल्यास शेळीचे कोमट दूध बारीक सिरिंजने थेंबाथेंबाने ओठांवर लावावे. पिल्लू उभे धरावे, उताणे नाही. नाहीतर दूध फुप्फुसात जाते. असे दर दोन-तीन तासांनी पाजावे, रात्रीसुद्धा.

आईला टिमथी गवत (अशा प्राण्यांना घालतात ते एक वाळलेले गवत) मुबलक हवे. पाजण्याच्या काळात प्रथिने व कॅल्शियमसाठी लसूणघासही द्यावा. गुरांसाठी तो ओला विकतात. तसाच घातला तर पोट फुगते, म्हणून सावलीत कडक वाळवून, त्यावर फवारणी झालेली नाही याची खात्री करूनच द्यावा. नाशिकला घरात द्राक्षे-बेदाणे हाताशी असतात, ते मात्र देऊ नयेत. साखरेने तिचे आतडे बिघडते. डिंकाचे, अळिवाचे लाडूही नकोत. औषधांची चूक सर्वांत महागात पडते. घरातले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक तोंडावाटे दिले तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि प्राणी दगावू शकतो. ज्या पशुवैद्याला कृंतक प्राण्यांची सवय आहे त्याचा फोन नंबर वेताआधीच मिळवून ठेवावा.

आठवड्याभरात पिल्ले आईच्या तोंडातले गवत ओढून चघळू लागतात. दूध सहा ते आठ आठवड्यांनी सुटते. आठव्या आठवड्याला नर पिल्ले आईपासून वेगळी करावीत, कारण काही नर याच वयात आईला गाभण करू शकतात. मादी पिल्ले तिच्याजवळच राहिली तरी चालतात आणि पुष्कळदा एकाच फरशीवर तिला चिकटून झोपतात.