‘मॅकबेथ’चे राजवस्त्र सैल का असते: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गावोगावच्या जत्रोत्सवांत आणि नाट्यस्पर्धांत नाटक करणाऱ्या मंडळींना आम्ही फोंड्याहून ड्रेपरी (नाटकाचे कपडे) आणि प्रॉपर्टी (रंगमंचावरचे सामान) भाड्याने पुरवतो. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’साठी सामान नेणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते, की राजाचा मखमली झगा नायकाच्या अंगावर ढगळ बसतो. आम्ही तो जाणूनबुजून तसा देतो, आणि त्याचे कारण नाटकाच्या संहितेतच आहे.

साधारण १६०६ साली लिहिलेल्या आणि १६२३ साली प्रथम छापल्या गेलेल्या या शोकांतिकेत सरदार मॅकबेथ आपला राजा डंकन याचा खून करून स्कॉटलंडच्या गादीवर बसतो. त्यातली रक्त आणि अंधार ही प्रतीके कोणाच्याही नजरेत भरतात. कपड्यांची प्रतिमा मात्र संवादांत विखुरलेली असल्याने सहज निसटते. तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले ते कॅरोलिन स्पर्जन या विदुषीने, १९३५ साली. पहिल्याच अंकात कॉडरच्या सरदाराची पदवी मिळाल्याचे कळताच, तो सरदार जिवंत असताना त्याचे उसने कपडे माझ्या अंगावर का चढवता, असे खुद्द मॅकबेथ विचारतो, आणि शेजारी उभा असलेला त्याचा सहकारी सेनानी बँको म्हणतो की नवे मानसन्मान नव्या कपड्यांसारखेच असतात, वापरल्याशिवाय ते अंगाला बसत नाहीत. खुनाला कचरणाऱ्या नवऱ्याला लेडी मॅकबेथ टोचते तीही याच भाषेत: जी आशा अंगावर चढवून मिरवत होतास, ती काय दारू प्यालेली होती? राज्याभिषेकासाठी स्कोनला निघालेल्या सरदार रॉसला निरोप देताना, नव्या वस्त्रांपेक्षा जुनीच बरी होती असे म्हणायची पाळी न येवो, असे सरदार मॅकडफ बोलून जातो. शेवटच्या अंकात तर सरदार अँगस उघडच सांगतो, की राक्षसाचा झगा एखाद्या खुज्या चोराने पांघरावा तशी ही पदवी आता याच्या अंगावर लोंबते आहे.

या वाक्यावरून काही दिग्दर्शक मॅकबेथसाठी किरकोळ बांध्याचा नट निवडतात, ते आम्हांला पटत नाही. मॅकबेथ हा नावाजलेला योद्धा आहे, आणि पहिल्या प्रवेशातील त्याचा सैनिकी पोशाख त्याला नेमका बसलाच पाहिजे. वस्त्र त्याला मोठे होते ते दुसऱ्याचे आहे म्हणून. त्यासाठी राजाच्या झग्याचे माप आम्ही डंकनची भूमिका करणाऱ्या नटाचे घेतो. तो अंगाने भरलेला असेल तर फारच उत्तम. पहिल्या अंकात डंकनच्या खांद्यांवर शोभलेला झगा तिसऱ्या अंकात मॅकबेथच्या खांद्यांवरून ओघळू लागला, की प्रेक्षकाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. झग्याच्या आत घालण्यासाठी कापूस भरलेली एक बंडी सोबत दिलेली असते. ती मेजवानीच्या प्रवेशापर्यंत ठेवावी आणि पाचव्या अंकाआधी काढावी, म्हणजे तोच झगा आणखी सैल दिसतो. विंगेत कोणी हौसेने टाचण्या लावून तो घट्ट करू नये, ही विनंती.

चिलखताचेही तसेच आहे. पाचव्या अंकात, अजून गरज नाही असे सेवक सेटन सांगत असताना मॅकबेथ चिलखत मागतो, ते अंगावर चढवून घेता घेता वैद्याशी बोलतो, मध्येच ‘काढ ते’ म्हणतो आणि माझ्यामागून घेऊन ये असे फर्मावतो. या गोंधळात त्याच्या मनाची अवस्था दिसते, म्हणून आमच्या चिलखताला वेल्क्रो न लावता खरे चामडी पट्टे आणि बकले ठेवली आहेत. सेटनच्या नटाने ती निदान दोन-तीन तालमींत हाताळावीत, नाहीतर संवाद संपतो आणि बकल अडकलेलेच राहते.

खंजीर तीन येतात: एक मॅकबेथच्या कमरेचा आणि दोन पहारेकऱ्यांचे. हवेत दिसणारा खंजीर आम्ही पुरवत नाही. तो दोरीने टांगून वर लाल दिवा सोडण्याची हौस अनेकांना असते. पण तो फक्त मॅकबेथला दिसतो, आणि प्रेक्षकालाही दिसला तर त्या स्वगताची सगळी भीती नाहीशी होते.

मेणबत्ती बॅटरीवर चालणारी आहे, कारण सभागृहात उघड्या ज्योतीला परवानगी मिळेलच असे नाही. नाटकातल्या दिव्यांचा क्रम मात्र सांभाळावा. मॅकबेथने घडवलेल्या बँकोच्या खुनाच्या वेळी मशाल विझते. पुढे झोपेत चालणाऱ्या लेडी मॅकबेथजवळ सतत दिवा असतो, आणि तोही तिच्याच हुकमाने. एके काळी अंधाराला हाक मारणारी, थोड्याशा पाण्याने हे कृत्य धुऊन निघेल म्हणणारी हीच बाई आता हात चोळत राहते. तिच्या मृत्यूची बातमी आल्यावर मॅकबेथ आयुष्याला क्षणभराची मेणबत्ती म्हणतो, तेव्हा रंगमंचावर दुसरा एकही दिवा जळताना दिसू नये. झोपेच्या प्रवेशात तिच्या हातांना रक्तासाठीचे आमचे लाल द्रावण लावू नये; हातावरचा रक्ताचा डाग तिच्याखेरीज कोणालाच दिसत नाही.

शेवटी शत्रूचे सैन्य बर्नमच्या अरण्याच्या ज्या फांद्यांआड लपून चाल करून येते, त्या मंडळींनी स्वतः आणायच्या असतात. आंब्याच्या किंवा फणसाच्या, दाट पानांच्या आणि त्याच दिवशी तोडलेल्या असाव्यात, कारण दिव्यांच्या उष्णतेने पाने लवकर माना टाकतात. माडाच्या झावळ्या टाळाव्यात. सैन्य चाल करून येण्याऐवजी लग्नाचा मांडव उठून आल्यासारखे दिसते.